मान टाकणारं पातं

आमच्या तांड्यावर बर्फ बघायचा तर पांढरकवड्याच्या बाजारात गोळेवाल्याकडे जावं लागतं. त्यामुळे बानं बर्फ ढकलायचं लोखंडी पातं आणून गोठ्यात उभं केलं, तेव्हा लोकांना बरीच वर्षं पुरेल इतकं हसायला मिळालं.

बा, म्हणजे माझे वडील पूनमसिंग राठोड, ट्रक चालवायचा. एकदा कापसाच्या गाठी घेऊन पंजाबात गेला आणि तिथून पुढे हिमाचलचं भाडं मिळालं. तिथं त्यानं एका छोट्या ट्रॅक्टरला पुढून पातं लावून रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारताना पाहिलं. परतीच्या वाटेवर एका भंगारवाल्याकडे तसंच जुनं पातं दिसलं, ते त्यानं गाडीत टाकलं. रिकामी गाडी घरी आणणं त्याला कमीपणाचं वाटे. आपले बंजारा लोक बैलांवर मीठ वाहायचे तेव्हाही बैल रिकामे परतत नसत, म्हणायचा. ट्रॅक्टर आधीपासून होता: एका मोडलेल्या संत्र्याच्या बागेतून घेतलेला करड्या रंगाचा छोटा फर्ग्युसन, माझ्याहून वयानं मोठा. मी त्याच्यावरच चालवायला शिकले.

"बर्फ पडला का मले बलावजो, भाऊ," हिरासिंगकाका म्हणायचा. काका म्हणजे बाचा धाकटा भाऊ आणि तांड्याचा नायक. पात्यावर कोंबड्या बसायच्या.

मग तांड्याचा रस्ता मंजूर झाला. ठेकेदारानं हायवेपासून आमच्या घरांपर्यंत मुरमाचे ढीग टाकले, रस्त्याच्या मधोमध, आणि माणसं दुसरीकडे नेली. त्याचा सुपरवायझर शाम येऊन सांगून गेला, "मोजमाप व्हायचं हाय. सरकारी माल हाय. कोनी हात लावला तं केस होईन." तो स्वतः गाडी हायवेवर लावून चालत आला होता. पावसाळा गेला. ढीग थिजून घट्ट झाले, त्यांच्यावर गवत आलं, बकऱ्या चढू लागल्या. बानं पातं बाहेर काढलं, धुतलं आणि ट्रॅक्टरला बसवायला घेतलं. पण तो विचारून करणारा माणूस होता. काकाला विचारलं, ग्रामपंचायतीत विचारलं. सगळे थांब म्हणाले.

एका दुपारी त्याच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स पहिल्या ढिगाशी थांबली. त्याला खाटेवर घालून हायवेपर्यंत नेलं. मी बाभुळगावला शिकवते. मी दवाखान्यात पोचले तेव्हा याडी, माझी आई, बाहेरच्या बाकावर बसली होती आणि तिच्या मांडीवर त्याच्या चपला होत्या.

उशिरामुळे गेला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. एवढंच ठरवलं की बाच्या तेरवीला त्या ढिगांना वळसा घालून कोणी यायचं नाही. पाहुणे दारापर्यंत गाडीनं येतील.

राख सावडून आल्यावर माणसं लिंबाखाली बसली होती. काका म्हणाला, "रंजिता, थे ट्रॅक्टर अन् पातं भंगारात देऊन टाकू. घरात पडून राहिलं का वयनीले दिसत राहीन."

"दिसू दे," मी म्हटलं. "मी पातं बसवणार आहे. रस्ता करणार आहे."

"केस होईन वो बाई. तू नोकरीवाली हायस."

"होऊ दे."

"म्या नायक हाव. मले इचारतीन ना लोक."

तेव्हा आतून याडी बोलली. दु:खात बसलेली बाई पुरुषांत बोलत नाही आमच्याकडे. तिनं उंबरा ओलांडला नाही, पण आवाज लिंबापर्यंत आला. "हिरा, खाटेची पायाकडची बाजू तुह्याकडं होती. किती वेळा खाली टेकवली खाट, सांग तिले."

काकानं चिलीम उलटी करून झटकली. भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही.

पांढरकवड्याहून मी धम्मदीपला बोलावलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याचे वडील आणि बा एका ट्रकवर होते. तो मोटरसायकल हायवेवरच ठेवून, मागं एकाच्या डोक्यावर गॅसची नळकांडी देऊन चालत आला.

"ताई, बर्फ कुठी हाय?"

"तू आण येताना, म्हटलं होतं."

तो हसला, मग पात्याजवळ बसला आणि हसणं थांबलं. काम अर्धं झालेलं होतं. पात्याचा सांगाडा दोन लांब भुजांनी ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना पकडतो; आमच्या ट्रॅक्टरला तो चार बोटं रुंद पडत होता. डाव्या बाजूची फट बानं ट्रकच्या चाकावरच्या जुन्या कमानपाट्याचे तुकडे घालून भरली होती, एकावर एक, कडा कानशीनं घासून. उजवी बाजू उघडी होती. तिथले तुकडे कापून डब्यात ठेवले होते. ते बसवायला आम्हाला दुपार झाली. मी धरत होते, तो जोडत होता. पातं उचलायचा दांडा सीटच्या उजव्या अंगाला आला. मागे वजनासाठी रेतीची पोती बांधली.

मी आमच्या घराकडून पहिल्या ढिगावर गेले. कुदळीनं कड मोकळी केली होती. पातं टेकवलं, क्लच सोडला. मुरूम सरकला, खरंच सरकला, कणकेसारखा वळून बाजूला पडला. लिंबाखालून कोणीतरी शिट्टी मारली. पुढच्या हाताभर अंतरावर आत गाडलेला धोंडा लागला. ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरली, पुढचं तोंड वाकडं झालं आणि सांगाड्याच्या उजव्या भुजेची खीळ मोडून झाडीत गेली.

"झालं," धम्मदीप म्हणाला. "बर्फात धोंडे नसतेत, ताई. हे काम त्याचं नोहे."

"डोंगरातल्या रस्त्यावर धोंडे नसतात?"

मी पात्याच्या मागे जाऊन बसले. पातं जिथं सांगाड्याला जोडलं होतं तिथं बिजागरी होती आणि दोन जाड स्प्रिंगा. दोन्हींवरून एक लोखंडी पट्टी आडवी जोडून त्यांना गच्च बांधलं होतं. जोड ताजा होता.

"ही पट्टी कोणाची?"

धम्मदीपनं मान खाजवली. "माहीच. पूनमकाकानं लावून घेतली. पात्याले धक्का लागला का थे मान टाकत होतं, पुढं झुकत होतं. काका म्हने, असं लेचंपेचं नाही चालत आपल्या मातीत, बांधून टाक."

बिजागरीच्या खिळीवरून मी बोट फिरवलं. वर सगळीकडे गंज होता, पण खीळ गुळगुळीत झिजून चकचकत होती. जे पातं कुठं झुकलंच नाही, त्याची खीळ अशी झिजत नाही. ते वर्षानुवर्षं झुकत आणि उठत आलं होतं. स्प्रिंगा त्यासाठीच होत्या: लपलेला दगड लागला की पातं मान टाकतं, दगडावरून जातं आणि पुन्हा उभं राहतं. बाला हे कळलं नाही. त्याच्या डोक्यात नांगराचा फाळ होता.

"काप," मी म्हटलं.

"ताई, त्याच्या हातचं शेवटचं काम हाय थे."

"तुझ्या हातचं आहे."

"सांगनं तं त्याचं होतं ना."

मला ती पट्टी घरी न्यायची होती, कपाटात ठेवायची होती, आणि ती तिथंच राहावी असंही वाटत होतं. धम्मदीपनं चष्मा चढवला, ज्योत पेटवली. पट्टी तापून खाली पडली. थंड झाल्यावर मी ती सीटखाली टाकली. मोडलेल्या खिळीच्या जागी नवी बसवायला फारसा वेळ लागला नाही.

पुढचे दिवस मी तेच करत होते. ढिगाला समोरून भिडायचं नाही, कड धरायची. पातं तिरकं करून थोडं थोडं खरवडायचं. धोंडा आला की पातं मान टाकायचं, खडखडून त्याच्यावरून जायचं आणि उठायचं. पहिल्यांदा ते उठलं तेव्हा मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. सकाळी बायका कापूस वेचायला जाताना थांबायच्या, एखादी धोंडा उचलून कडेला टाकायची. रामीबाई म्हातारी म्हणाली, "पोरी, जरा माह्या घरापुढं बी फिरव वो तुहा बर्फ." शेवटच्या ढिगाला काका स्वतः कुदळ घेऊन आला. माझ्याकडे न बघता कड मोकळी करत राहिला. मी पातं टेकवलं.

तेरवीच्या दिवशी पाहुण्यांच्या जीपा, टेम्पो, एक ट्रकसुद्धा दारापर्यंत आला. जेवणाची पंगत बसली होती, तेव्हा शाम आला. तावातावानं अंगणात शिरला.

"कोनी केलं हे? मोजमाप झालं नाही अन् ढीग मोडून टाकले? नायक कुठी हाय?"

काका उठायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे झाले.

"मी केलं. रंजिता पूनमसिंग राठोड. लिहून घ्या. हवं तर सही देते."

"तुमाले मालूम हाय का थे सरकारी माल हाय?"

"आहे की. घरात नेला नाही. रस्त्यासाठी आणला होता, रस्त्यावर पसरला. टेप आणा आणि लांबी मोजा."

"असं मोजमाप नाही होत. तुमच्यावर केस टाकाव लागन."

"टाका. माझ्या बाला खाटेवर का न्यावं लागलं, तेही मी तिथं सांगेन."

शाम माझ्याकडे बघत होता, मग ट्रॅक्टरकडे, पात्याच्या मुरमानं माखलेल्या धारेकडे.

काका पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापाशी आला. "शामभाऊ, घ्या पानी. जेवून जा, तेरवी हाय. गाडी कुठी लावली?"

"हे काय," शाम म्हणाला आणि मागे वळून बोट दाखवलं.

त्याची जीप आमच्या लिंबाखाली उभी होती. दारात, पाहुण्यांच्या गाड्यांच्या रांगेत. इंजिन अजून तडतडत थंड होत होतं. त्यानं जीपकडे पाहिलं, मग ज्या वाटेनं आला त्या वाटेकडे. बोट हळूहळू खाली आलं.

आतून याडीनं हाक मारली, "रंजिता, पाहुण्याले पत्रावळ वाढ."

मी वाढली.