साठावा बिल्ला

वायलींच्या ओसरीला पायऱ्या पाचच. तरी तिसरीवर लायमन कार्नाहन थांबला आणि कठड्याला धरून उभा राहिला. ऑक्टोबर सरत आला होता, शेतात मक्याचे नुसते खुंट उरले होते. कोटाच्या डाव्या खिशात चांदीचं एक जुनं नाणं होतं, ते द्यायला आणलेलं. उजव्या खिशात शिशाचा एक बिल्ला होता. तो कुणालाच दाखवायचा नव्हता. तो तिथे नेहमीच असायचा, सत्तेचाळीस वर्षं.

दार जोथम वायलींच्या मुलीने, आर्व्हिलाने उघडलं. तिनेही साठी ओलांडलेली.

"बूट पुसून ये. आणि आमच्या म्हाताऱ्याला दमवू नकोस," ती म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे बघून, "तूच आधी दमलेला दिसतोस म्हणा. पाव खाणार? सफरचंदाचा मुरंबा कालच घोटलाय."

"नको आर्व्हिला. काम झालं की निघतो."

"तुझं काम म्हणजे नाणी. मेल्या, कधी माणसं बघायलाही येत जा."

तिचं खोटं नव्हतं. टपालखात्यात छत्तीस वर्षं उभ्याने पत्रं वेगळी करून लायमनचे गुडघे झिजले असतील त्याहून जास्त ते पेनसिल्व्हेनियातल्या लिलावांच्या मांडवांत आणि मेलेल्या लोकांच्या माळ्यांवर झिजले होते. हा देश देश व्हायच्या आधीचं जे जे ठोकलं, ओतलं गेलं ते त्याने गोळा केलं. कनेटिकटची काळवंडलेली तांब्याची नाणी, व्यापाऱ्यांनी सुट्ट्याच्या टंचाईत स्वतः पाडलेले तुकडे, मॅसॅच्युसेट्सची पाइनचं झाड छापलेली चांदी. पण त्याचा जीव अडकला होता तो चर्चच्या बिल्ल्यांत. चारशे बारा बिल्ले, साऱ्या जुन्या वसाहतींमधले, ज्याचा त्याचा खण, खणाखाली चिठ्ठी.

त्या बिल्ल्यांची रीत अशी. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर नि द्राक्षरस घ्यायचा विधी, वर्षातून दोनदाच. आदल्या शनिवारी मंडळीचा पंच एकेकाला समोर घेऊन विचारायचा, कुणाशी वैर आहे का, मन साफ आहे का. उत्तर पटलं की हातावर शिशाचा बिल्ला ठेवायचा. रविवारी लांब मेजाशी बसताना तो परत द्यायचा, तेव्हाच भाकर आणि प्याला पुढे यायचा. स्टोनी फोर्डच्या त्यांच्या चर्चमध्ये ही रीत १९५१ पर्यंत टिकली होती, आणि शेवटचे बिल्ले वाटणारा पंच होता जोथम वायली.

आता चर्चच राहणार नव्हतं. मंडळीत एकोणीस माणसं उरली होती, ती गावातल्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन मिळणार. उद्याच्या रविवारी शेवटचं प्रभुभोजन, आणि सोमवारी बिल्ल्यांची कातडी थैली संग्रहालयाच्या काचेमागे. त्या थैलीत साठ बिल्ले होते, बदामाच्या आकाराचे, १७६८ साल कोरलेले. त्यांतला एक वेगळा होता. किंचित लहान, कडा धारदार, सालातला सहा वाकडा. मंडळीने चोवीस वर्षांपूर्वी थैली तपासायला लायमनला बोलावलं तेव्हा त्यालाच तो सापडला. त्यावर त्याने संग्राहकांच्या त्रैमासिकात चार पानं लिहिली होती. 'दुसऱ्या साच्याचा, जगातला एकमेव' असं त्यात म्हटलं होतं. तेव्हापासून त्याच्या पेटीत एक खण रिकामा होता. आता त्याने तो मागितला तेव्हा मंडळी म्हणाली, थैली जोथमची, तो देईल तर ने.

जोथम वायली स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी बसले होते. वय एक्क्याण्णव, डोळे पांढरे, गेलेले. मांडीवर ती थैली.

"कार्नाहन ना? पाय बापासारखाच ओढतोस. बस पोरा."

"चौसष्टचा आहे मी, मिस्टर वायली."

"मग बस म्हाताऱ्या."

लायमनने चांदीचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. "१६५२ चं आहे. माझ्याकडे याहून मोलाचं काही नाही. त्या वाकड्या सहाच्या बिल्ल्याच्या बदल्यात संग्रहालयाला द्या हे."

म्हाताऱ्याने अंगठा फिरवला. "हे काय, झाडू?"

"झाड. पाइनचं."

"मला झाडूच लागतोय हाताला." नाणं त्यांनी मेजावर सारलं. "तू त्या बिल्ल्यावर लिहिलं होतंस ना काही? आर्व्हिलाने वाचून दाखवलं होतं. दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा हसलो."

"हसलात?"

"त्या साचेवाल्याविषयी काय रे म्हटलं होतंस? उतावळा का कायसा..."

"'उतावळा पण कसबी हात.'"

"तो हात हा." जोथमनी उजवा हात वर केला. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना पांढरा वण होता. "एक्कावन्न साली, याच स्टोव्हवर. मासे धरायच्या गळाची शिशाची वजनं वितळवली. जुना बिल्ला प्लॅस्टरमध्ये दाबून साचा काढला. भांडं बायकोचं. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

दाराशी उभी आर्व्हिला म्हणाली, "दहा. मला आठवतंय."

नकलेच्या साच्यातून ओतलेलं शिसं निवताना आखडतं, मुळाहून लहान होतं, हे त्याला विसाव्या वर्षापासून ठाऊक होतं. नवशिक्यांना तो हेच पहिलं शिकवायचा. स्वतः मात्र चार पानं भरून लिहिताना त्याला ते सुचलं नाही, कारण सुचायला नको होतं. त्या दिवशी थैलीत साठच्या साठ मोजल्यावर त्याला केवढं हायसं वाटलं होतं! थैली भरलेली आहे. म्हणजे आपल्या खिशातला कुणाच्या हिशेबातच नव्हता.

"का ओतलात?" त्याने विचारलं, पण उत्तर त्याला आधीच कळलं होतं.

"शनिवारी वाटायला घेतले तेव्हा साठ होते. रविवारी एकोणसाठ भरले. तीनदा मोजले. पंचांची बैठक झाली की थैली सगळ्यांसमोर उलटी करायची. कमी भरला तर घरोघर विचारत फिरायचं. नाव निघालं असतं." म्हातारा दम खायला थांबला. "बिल्ला घेऊनही त्या रविवारी मेजाशी न आलेला एकच जण होता. मागच्या बाकावर, हात खिशात घालून बसलेला. सतरा वर्षांच्या पोराचं नाव मंडळीच्या वहीत चढलं की पुसत नाही."

लायमनचा हात आत्ताही खिशातच होता. त्या शनिवारी जोथमनी तो थंड बदाम तळहातावर ठेवला, तेव्हा पावणेदोनशे वर्षांच्या अंगठ्यांनी गुळगुळीत झालेली त्याची कड लायमनला लागली होती आणि वाटलं होतं, हे परत कसं द्यायचं? पुढच्या वेळी देऊ. पुढच्या वसंतात बिल्ल्यांची रीतच मोडली. मग मेज सगळ्यांना मोकळं झालं, पण हा देणं राहून गेलेला माणूस मोकळा झाला नाही. बायको नेटी एकतीस वर्षं एकटी मेजाशी जायची. दर वेळी बसण्याआधी एकदा वळून मागच्या बाकाकडे बघायची. तिला वाटायचं, नवऱ्याचा देवावर विश्वास नाही. तसंच समजून ती गेली, त्याला चार वर्षं झाली. चारशे बारा बिल्ले जमवलेल्या या माणसाने त्या भाकरीचा तुकडा कधी तोंडात घातला नव्हता.

"मला बोलला का नाहीत कधी?"

"तू आणशील म्हणून थांबलो. मग तुझं लग्न झालं, म्हटलं बायकोला सांगेल, ती पाठवेल. मग तू ती चार पानं लिहिलीस, म्हटलं आता तर याला ओळख पटायलाच हवी, हा एवढा जाणता! नाही पटली." त्यांनी डोकं हलवलं. "मग थकलो रे. वाट बघणं हेही अंगमेहनतीचंच काम. आणि खोटा बिल्ला थैलीत टाकून पंचांपुढे साठ म्हणणारा मी. तुला कुठल्या तोंडाने विचारू?"

लायमनने उजव्या खिशातून बिल्ला काढला आणि मेजावर, चांदीच्या नाण्याशेजारी ठेवला. आवाज अगदी लहान झाला, पण आंधळ्याने तो ओळखला आणि हात मागे घेतला.

"असा नाही. तो शनिवारी दिलेला, रविवारी मेजाशीच घ्यायचा. स्वयंपाकघरात घेतलेला मला चालत नाही. उद्या पूर्वीसारखं करू या, असं पाळकाला सांगितलंय. बाकीच्यांना सकाळीच वाटून झाले. तू राहिलास." ते ताठ बसले. "आज शनिवारच आहे. विचारतो. कुणाशी वैर आहे?"

"दमलोय मिस्टर वायली. वैर धरायलाही त्राण नाही."

"चालेल. मन साफ आहे?"

लायमनने मेजावरचा बिल्ला उचलून पुन्हा मुठीत धरला. "नाही."

"पटलं," म्हातारा म्हणाला. "एवढ्या वर्षांत नाही म्हणणारा पहिलाच भेटलास. सगळे साफ म्हणायचे आणि मी आपला वाटत सुटायचो." त्यांनी थैलीत बोटं घातली, चाचपून वाकड्या सहाचा बिल्ला काढला आणि पुढे केला. "हा तुझ्या पेटीला. चिठ्ठीवर मात्र खरं लिही. आणि तो झाडू घेऊन जा."

संध्याकाळी लायमनने पेटी उघडली. वाकडा सहा रिकाम्या खणात बसवला, त्याच खणात त्याच्या शेजारी १७६८ चा खरा. पहिल्यांदाच एकही खण रिकामा नव्हता. ज्याला साऱ्या आयुष्यात दुसरं काही मागता आलं नव्हतं, त्याचं मागणं पुरं झालं होतं. खरा तिथेच राहू दिला असता तरी जाणणारी माणसं तीनच होती, त्यांतला एक आंधळा. आनंद व्हायला हवा होता. त्याला फक्त बसावंसं वाटत होतं.

मग त्याने लेखणी घेतली आणि चिठ्ठी लिहिली: 'जोथम वायली यांनी १९५१ मध्ये स्वयंपाकघरात ओतला. कारण, लायमन कार्नाहन.' ती वाकड्या सहाखाली ठेवली. खरा उचलून कोटाच्या खिशात टाकला आणि दिवा मालवला.

रविवारी चर्चमध्ये शेगडी ऊब धरत नव्हती. स्तोत्र जोथमनीच सांगितलं. ते एक ओळ लावायचे, फाटक्या आवाजात, लांबवत, आणि मंडळी तीच ओळ उचलून त्यांना परत द्यायची. कुणी पुढे, कुणी मागे, तरी ओळ संपायच्या आत सगळे एका ठिकाणी यायचे. त्या सुरात वाद्य नव्हतं, घाई नव्हती. एक दमलेला माणूस देतो आणि दमलेली माणसं घेतात, एवढंच. मागच्या बाकावर बसून लायमन दर वेळी ते ऐकायचा. आज चौथ्या ओळीला त्याचाही आवाज निघाला.

माणसं उठून मेजाकडे जाऊ लागली. मेजाच्या टोकाशी जोथम थैली उघडी धरून बसलेले. प्रत्येकाचा बिल्ला अंगठ्याने चाचपायचे आणि आत टाकायचे. लायमन सर्वांत शेवटी उठला. बाकांमधली वाट चाळीस पावलांची असेल. निम्म्यात त्याने एका बाकाची पाठ धरली, श्वास घेतला. कुणी वळून पाहिलं नाही.

त्याने बिल्ला म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला. अंगठा कडेवरून गेला, सालावरून गेला, पुन्हा कडेवर आला.

"सगळ्यांचे गार होते," जोथम हळूच म्हणाले. "हा गरम आहे." आणि तो थैलीत टाकला. "आर्व्हिला, सरक जरा. याला जागा दे."

"ये बाबा, बस," तिने स्कर्ट आवरत म्हटलं. "गुडघे सांभाळ."

लायमन बसला. बसण्याआधी त्याने एकदा वळून मागच्या बाकाकडे पाहिलं, नेटी बघायची तसं. बाक रिकामा होता. मग भाकरीची थाळी हातोहात त्याच्यापर्यंत आली.