दुसरी सही

बटणवाले तिसऱ्यांदा आले तेव्हा मी त्यांना बसायलाही सांगितलं नाही. बुडत्या धंद्यांची कोर्टाची कामं मी करते. दात पार किडल्यावर डॉक्टरकडे जावं, तशी माणसं माझ्याकडे येतात. मला त्यांची कीव येते, आणि कीव आली की मी चिडते.

मामला तसा सरळ होता. शर्ट शिवणाऱ्या एका बड्या कंपनीच्या शब्दावर बटणवाल्यांनी कर्ज काढून आपल्या बटणांच्या कारखान्यात नवं मशीन घेतलं, आणि कंपनीनं ऑर्डर रद्द करून काखा वर केल्या. तिच्यावर दावा लावला होता, पण निकाल लागेपर्यंत कारखाना तग धरणार नव्हता. दिवाळखोरीचा अर्ज आपणहून केला तर कोर्टाच्या देखरेखीखाली सगळं नीट तरी मिटलं असतं. अर्ज तयार होता. त्यावर दोन्ही संचालकांच्या सह्या हव्या होत्या, आणि दुसरी संचालक म्हणजे त्यांची बायको. तिला यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

"कागद घरी नेतो, मॅडम. मी बोट ठेवीन तिथे ती सही करते. वीस वर्षं करतेय."

"न वाचता केलेली सही मला चालत नाही. त्यांना इथे घेऊन या."

"तिचा माझ्यावरचा विश्वास उडेल हो. कारखाना गेला तर गेला, पण..."

"मग तो विश्वास काय फसवून टिकवणार?" मी म्हटलं. जरा जास्तच बोलले, कबूल आहे.

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन आले. रस्त्यात काय ते सांगून टाकलं असावं, कारण दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती. तिनं चष्मा पदरानं पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पाऊण तास वाचत होती. बटणवाले समोरच्या कपाटातल्या फायली मोजत बसले. सातव्या पानावर ती थांबली.

"'मशीन घेण्याचा निर्णय व्यवस्थापकीय संचालकांनी एकट्याने घेतला.' हे कोणी लिहिलं?"

"यांनी सांगितलं तसं मी लिहिलं," मी म्हटलं.

"खोटं आहे. मशीनचं आमच्या स्वयंपाकघरात ठरलं. हे घाबरत होते. घ्याच म्हणून मी मागे लागले होते."

"तुझं नाव कशाला त्यात," बटणवाले पुटपुटले.

शपथेवर द्यायच्या कागदात माझ्याकडून खोटं लिहून घेतलं म्हणून मी त्यांना चांगलं फैलावर घेणार होते. त्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

"वहिनी, खरं लिहिलं तर कोर्ट तुम्हालाही प्रश्न विचारेल," मी म्हटलं. "नीट विचार करा."

"विचारू दे. हे एकटे उभे राहिले तर भलतंच काहीतरी कबूल करून बसतील."

मला हसू आलं. मी ते वाक्य बदललं, निर्णय दोघांचा असं लिहिलं आणि पान पुन्हा छापायला दिलं. तेवढ्या वेळात ती नवऱ्याकडे वळली.

"वर्षभर तुम्हाला जेवण जात नव्हतं. विचारलं की म्हणायचात, ॲसिडिटी आहे. मी वेड्यासारखी तिखट कमी करत बसले." तिनं चष्मा काढून ठेवला. "मला मशीनचा राग नाही. याचा आहे."

बटणवाल्यांना रुमाल सापडेना म्हणून त्यांनी बाहीनंच डोळे पुसले. मलाही भरून आलं होतं, पण अशिलासमोर रडायची सोय नसते.

नवं पान आलं. ते तिनं पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"मला वाटलं होतं, तू उठून जाशील," बटणवाले अगदी हळू म्हणाले.

"जाऊ ना. दोघं मिळूनच जाऊ," ती म्हणाली. "आधी सही कुठे करायची ते दाखवा."

त्यांनी बोट ठेवलं. तिनं सही केली आणि पेन त्यांच्या हातात दिलं.