दिगंबर सरांचा पहिला कागद

सकाळी दहापासून लीना लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघत होती, आणि पडदा काही ताकास तूर लागू देत नव्हता. तीन ओळी उमटायच्या, की गाडी ठप्प.

खरा संगणक केव्हाच भंगारात गेला होता. रुग्णालयाच्या किरणोपचार विभागातल्या त्या वीस वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या डिस्कची नक्कल तेवढी उरली होती, आणि जुन्या रुग्णांच्या नोंदी फक्त तिच्यावर होत्या. त्या जुन्या संगणकाचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम लीनाने लॅपटॉपवर चालवला होता. डेराबस्सीच्या हरजीत कौरना तेव्हा पाठीवर किरण दिले होते आणि आता गाठ त्याच जागी पुन्हा उठली होती. मज्जारज्जूला आधी किती मात्रा गेली ते कळल्याशिवाय पुन्हा किरण दिले, तर बाईंचे पाय जायची भीती. "आकडा चाळीसच्या आत असेल तर देऊ," डॉक्टर शिशिर म्हणाले होते, "वर असेल तर माझ्याकडे दुसरं काही नाही." हरजीत बाहेर बाकावर बसल्या होत्या.

लीनाने मेमरी कमी केली, प्रोसेसर हळू केला, घड्याळ मागे नेलं. ढिम्म. डिस्कच खराब असणार, असं तिने ठरवून टाकलं. शेवटी तिने पंचकुल्याला फोन लावला. हा संगणक बसवणारे दिगंबर सर निवृत्तीनंतर तिथे राहत होते.

"प्रिंटर चालू आहे का?" त्यांनी पहिलंच विचारलं.

"सर, इथे संगणकच खरा नाही. प्रिंटर कुठला?"

"मग तो कसा उठेल? एकदा छापील कागद न बघता एका रुग्णाला चुकीची मात्रा जाता जाता राहिली. तेव्हापासून मी त्याला बांधून ठेवलंय. रोज पहिला कागद छापल्याशिवाय पुढे सरकायचं नाही."

म्हणजे बिचारा सकाळपासून नसलेल्या प्रिंटरची वाट बघत होता, आणि ही त्याला आजारी ठरवून मोकळी झाली होती. लीनाला स्वतःचाच राग आला. तिने एक खोटा प्रिंटर जोडला, कागदाऐवजी फाइलमध्ये छापणारा. चौथी ओळ उमटली, मग पाचवी. तिचा जीव भांड्यात पडला.

हरजीत कौरांचं पान उघडलं. मज्जारज्जूपुढचा आकडा लीनाने तीनदा वाचला. सत्तेचाळीस.

तिने ते पान विभागातल्या खऱ्या प्रिंटरवर छापलं आणि ती डॉक्टर शिशिरांच्या खोलीकडे निघाली. तिला बघून हरजीत बाकावरून उठल्या.

"मशीन चल पडी, बेटा?"

"हां जी," लीना म्हणाली. तिला रडू येत होतं. "चल पडी."

हरजीतनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. लीनाने कागद छातीशी उलटा धरला होता.