रेघेच्या वर

सायकलच्या सीटचा खटका उघडला तसा दांड्याभोवतीचा काळा पट्टा दिसला — धूळ, तेल आणि घाम मिळून झालेला, बोटभर रुंद, चिकट. दोन वर्षं सीट त्याच उंचीवर आवळलेली होती, म्हणजे सत्यशीलाच्या उंचीवर. आणि लेकीची उंची अशी मळात उमटलेली बघून राधाकिशनला तो पट्टा पुसावा की राहू द्यावा ते कळेना. त्याने अंगठा फिरवून पाहिला. मळ अंगठ्याला लागला, पट्टा तसाच राहिला.

"मामा, हात चालवा जरा," वरून आवाज आला. वरूनच यायचा, कारण जावईबापू उभे होते आणि तो सायकलीपाशी उकिडवा बसला होता, नाकासमोर जावयाची पावलं. लांब, पांढुरकी पावलं. अंगठ्याचं नख वाढलेलं, पिवळं पडलेलं, आणि त्याच्या कोपऱ्यात काहीतरी साचलेलं... काय ते सकाळीच कळलं होतं, कारण सकाळी हीच पावलं त्याने परातीत घेऊन धुतली होती. धोंड्याचा महिना, जावई म्हणजे विष्णू. त्याने बोटांच्या बेचक्यांतून पाणी फिरवलं, पंच्याने टिपलं, कुंकू लावलं, आणि केसरबाईने — त्याच्या बायकोने — परातीतल्या त्या गढूळ पाण्यात बोट बुडवून डोळ्यांना लावलं. जावई अंगद तेवढा वेळ मोबाईलवर कुणाचा तरी नाच बघत होता. आता ते कुंकू घामाने ओघळून बोटांमध्ये चिकटलं होतं. राधाकिशनला सकाळपासून मळमळत होतं. उन्हाने असेल, असं त्याने केसरबाईला सांगितलं होतं.

दांडा थोडा वर सरकला. घडीची सायकल, अख्ख्या दिंद्रुड गावात अशी दुसरी नव्हती. सत्यशीलाने पुण्याला लॅबमध्ये नोकरीला असताना स्वतःच्या पगारातून घेतलेली. मग सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, थोडे दिवस घरी राहा म्हणाले, आणि ते थोडे दिवस काही संपले नाहीत. महिन्यापूर्वी ती एक बॅग आणि ही सायकल घेऊन इथे आली. माजलगावला एका लॅबमध्ये जागा आहे, म्हणाली. सायकलची घडी करून एसटीत टाकायची, स्टँडवर उतरून उघडायची आणि लॅब गाठायची. डाळ निवडता निवडता म्हणाली, मान वर न करता, आणि तेवढ्यावरून त्याला कळलं की ती परत जाणार नाही. म्हणजे जायचं नाही म्हणते आहे. तो हो म्हणाला नव्हता, नाही म्हणाला नव्हता. बघू, म्हणाला होता.

आणि आज जेवणानंतर तक्तपोसावर आडवं होऊन दात कोरता कोरता अंगदची नजर कोपऱ्यात गेली. "आरं, ही इथं हाय व्हय! मला लागतीच की ऑफिसला जायला. उद्या टाकू डिकीत. ही अन् हिची मालकीण, दोघी संगंच." दात कोरायची काडी त्याने तिथेच तक्तपोसाच्या फटीत खोचली. मग सायकलवर बसून पाहिलं, तर गुडघे हँडलला लागले. लग्न ठरताना केसरबाईने गावभर सांगितलं होतं, जावई कसा उंचापुरा, दारातून वाकून येतो. दारातून वाकून येतो तेवढाच. त्यानंतर ह्या घरात वाकायचं काम बाकीच्यांचं.

"मामा, तेवढी सीट वर घेऊन द्या."

पण त्याच्या आधी... ते आठवायला नको होतं, तरी बोटं दांड्यावर असताना तेच आठवत होतं. पंगतीत घास भरवायचा कार्यक्रम. अंगदने पुरणाचा धोंडा तुपात बुडवला, सगळा, अख्खा, आणि तिच्या तोंडासमोर धरला. तिने कड तोडली तर म्हणाला, "असं न्हाई, मोठं उघड की तोंड," आणि बोटांनी तो आत लोटला, अगदी आत, तूप तिच्या हनुवटीवरून पोलक्यावर ओघळेपर्यंत. शेजारच्या वत्सलाबाई हसल्या. केसरबाई पदर तोंडाला लावून हसली. मी पण हसलो. बाप आहे मी तिचा, आणि मी दात काढून हसलो, कारण जावई माझ्याकडे बघत होता.

अंगदने सीटचं सांगितल्यावर राधाकिशन चूळ भरायला मागच्या दारी गेला, तर सत्यशीला अजून न्हाणीच्या भिंतीला एक हात टेकून थुंकत होती. पुरण, तूप, पुन्हा पाणी, पुन्हा थुंकणं. बोटाने हिरड्या घासत होती. भाजल्यासारखा चेहरा झालेला. तिने त्याला पाहिलं, तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आण्णा, सीट वर होत न्हाई म्हणा त्यांना. गंजलीय म्हणा. तेवढंच करा." सायकल डिकीत गेली की आपणही गेलो, हे तिला सांगावं लागलं नाही.

"बघू," तो म्हणाला होता.

बघू! त्या शब्दाचीच त्याला आता शिसारी आली. बांधावरच्या आंब्याची पिकलेली आढी जावयाच्या गाडीत गेली तेव्हा बघू. लेकीची नोकरी गेली तेव्हा बघू. आणि आता खटका तर त्याने उघडलाच होता. दांडा तेल घातल्यासारखा सरसर वर येत होता, गंजल्याची थाप मारायलाही जागा उरली नव्हती. अजून म्हणता येईल, जावईबापू, सायकल पोरीची हाय, इथंच राहील, अन् पोरगी बी. एवढं वाक्य. ते जिभेवर येत होतं आणि तिथेच दुपारच्या तुपासारखं गोठून बसत होतं.

त्याने हँडल वर घेतलं, आवळलं. सीट वर घेतली. "बसा बघू."

अंगद बसला. टाच पेडलवर ठेवली. गुडघा अजून जरा वाकत होता. "अजून."

त्याने अजून ओढली. सत्यशीलाचा काळा पट्टा आता नळीपासून वीतभर वर आला होता, कुणाच्याच कामाचा नसलेला. आणि त्याच्या कितीतरी खाली, नळीच्या तोंडाशी, कंपनीने कोरलेल्या बारीक उभ्या रेघा डोकावल्या. सत्यशीलाने सायकल आणली त्या दिवशीच त्याला दाखवल्या होत्या. 'आण्णा, ह्या रेघा दिसायला लागल्या की थांबायचं. मग आत दांडा उरत न्हाई. मोडतो नाहीतर निसटतो, अन् माणूस पाठीवर पडतो.'

"बस झालं की, जावईबापू."

"बस कशाचं? चार बोटं घ्या अजून." अंगद खाली उतरून हसला. "तुमच्या घरचं सगळंच तोकडं निघतं बघा, मामा."

दारात उभी असलेली केसरबाई हसली आणि वाणाचं ताट आणायला आत गेली. राधाकिशन हसला नाही. निदान ह्या वेळी हसला नाही, एवढं त्याला नंतर आठवत राहिलं असतं — पण त्याचा हात थांबला नाही. मी दांडा ओढला. रेघा नळीतून पूर्ण वर आल्या, दिसत राहिल्या, मी अजून चार बोटं ओढला. मोजून. मग खटका दाबला, तळहाताने, दात आवळून, चांगला घट्ट. बाहेरून कुणालाही वाटावं, काय मन लावून काम केलंय.

"आता कसं!" अंगद चढला. ताठ बसला. पाय सरळ झाला. "पारापस्तोर जाऊन येतो," म्हणाला, आणि घंटी वाजवत निघाला. सीट त्याच्याखाली किंचित डुलत होती. गल्लीला उतार होता, आणि मध्ये नळाच्या खोदाईची दगडं अजून तशीच पडलेली.

सत्यशीला ओसरीवर आली होती. कधी आली कोण जाणे. तिने लांब जाणाऱ्या सायकलीकडे पाहिलं. ती सायकल तिला एवढी ओळखीची होती की तिला जवळ जाऊन रेघा बघाव्या लागल्या नाहीत. मग तिने बापाच्या हाताकडे पाहिलं.

आता हाक मारायला हवी होती. थांबा म्हणायला फार काही लागत नाही. ती मारील, असं त्याला वाटलं. तिलाही बहुतेक त्याच्याबद्दल तसंच वाटत असावं. दोघंही उभी राहिली. आत केसरबाई वात लावत गुणगुणत होती.

आणि त्याच्या लक्षात आलं की मळमळ थांबली आहे. उलट भूक लागली होती, खरीखुरी भूक, दुपारी त्याने ताटातला धोंडा तसाच सारला होता तो आता खावासा वाटत होता. हे काय, असं त्याला वाटलं. म्हणजे मी असा आहे. तोंडावर नाही म्हणता येत नाही, पण हे येतं.

"आण्णा," सत्यशीला हळू म्हणाली, "मी निस्तं न्हाई म्हणा म्हणलं होतं."

त्याने अंगठ्याला लागलेला मळ धोतराला पुसला. खाली पाराच्या वळणावर घंटी वाजली, एकदा, मग पुन्हा एकदा. अंगद वळून चढाला लागला होता, उभा राहून पेडल मारत असेल आणि आता सीटवर टेकेल... राधाकिशनने तोंड उघडलं. आणि मुलीकडे बघत, गल्लीकडे न बघता, तो तसाच, भुकेला, उघड्या तोंडाने ऐकत राहिला.