दहा झाडांचा एक खड्डा

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. रस्त्यातल्या भाऊबंदांनी आमच्या घराण्याचं नाव घालवलंय, याची मला कल्पना आहे. पण मी त्यांच्यातला नाही. मी सुशिक्षित खड्डा आहे. सोलापूर शहराच्या कडेला एका महाविद्यालयात, दुसऱ्या वर्षाच्या वर्गाच्या खिडकीखाली मी राहतो. ‘शाश्वत विकास’ हा विषय मी सलग दहा वर्षं ऐकलाय. व्याख्या मला तोंडपाठ आहे. परीक्षेला बसू देत नाहीत, एवढंच.

रामहरीकाका या शिपायांनी मला दोन दिवस टिकाव घालून खणलं. वर वीतभर काळी माती आणि खाली नुसता मुरूम. त्यांच्या हाताला फोड आले. कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, “लई कडक जमीन हाय. पर येकदा का हितं झाडानं मूळ धरलं, की मग त्ये हलायचं न्हाय.”

ते वाक्य मी मनात धरून बसलो. तुम्ही मोठेपणी डॉक्टर होता, कलेक्टर होता. आम्ही मोठेपणी बुजतो. आमच्या जागी झाड उभं राहिलं आणि इथं कधी खड्डा होता हेच लोक विसरले, म्हणजे आमचा जन्म सार्थकी लागला. माझी अपेक्षा एवढीच होती.

पाच जून उजाडला. माझ्या भोवती चुन्याची फक्की मारली, लाल रिबीन बांधली. पाहुणे आले. मला माणसं तळापासून दिसतात, त्यामुळे मी त्यांना बुटांवरून ओळखतो. त्या दिवशी माझ्या काठावर चौदा जोड बूट उभे होते. एका करंजाच्या रोपाला चौदा जणांनी हात लावला. झारीतून पाणी घातलं. म्हणजे झारी वाकडी केली. आत पाणी भरायचं राहून गेलं होतं. फोटोत ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला. माझा म्हणजे माझ्या पुढं उभ्या राहिलेल्यांचा. खाली डावीकडे थोडा काळोख दिसतो, तो मी.

करंज बावीस दिवस जगला.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला, त्याच चुन्यात, माझ्यातच अशोक लावला. तो नऊ दिवस टिकला. त्याच्या पुढच्या वर्षीचा गुलमोहोर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पुरला. बिचाऱ्याची मुळं पिशवीतल्या पिशवीत गोल फिरून फिरून मेली. एका वर्षी तर रोपच आलं नाही आणि पाहुणे मात्र आले. मग कॅन्टीनमागच्या मोठ्या कडुनिंबाची एक फांदी तोडली आणि माझ्यात खोवली. मित्रांनो, झाड लावण्यासाठी झाड तोडलेलं मी याच डोळ्यांनी पाहिलं. खड्ड्याला डोळे नसतात हे खरं आहे, पण त्या दिवशी मला ते फुटले. संध्याकाळी ती फांदी एका शेळीनं खाल्ली. त्या कार्यक्रमाचा खरा लाभ झाला तो तिला.

उरलेले अकरा महिने माझ्यात चहाचे कप असतात.

हा विषय शिकवतात ते राजशेखर सर. पर्यावरण समितीही त्यांच्याकडेच. माणूस वाईट नाही. वर्गातून जाताना पंखा आठवणीनं बंद करतात. मुलं आत बसलेली असली तरी. “पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या पिढीनं आपल्या गरजा भागवणं म्हणजे शाश्वत विकास,” हे वाक्य ते इतक्या तळमळीनं सांगतात, की पहिल्या वर्षी मला भरून आलं होतं. नुसतं भरूनच आलं, भरलो मात्र नाही.

मागच्या वर्षी समरा आली. दुसऱ्या वर्षाला होती, खिडकीजवळच्या बाकावर बसायची. प्रकल्पासाठी तिनं विषय घेतला, ‘आपल्या महाविद्यालयातील वृक्षारोपण: दहा वर्षांचा आढावा.’ सरांनी खुशीनं फाईल दिली. फाईलमध्ये दहा फोटो होते. ऑगस्टमध्ये ती फाईल घेऊन झाडं शोधायला निघाली. सगळं आवार पालथं घातलं आणि शेवटी माझ्याजवळ आली. माझ्यात तेव्हा दोन महिन्यांचं कडुनिंबाचं रोप होतं. पानं होती चार, त्यातली दोन पिवळी.

“रामहरीकाका,” तिनं विचारलं, “दहा झाडं लावलीत म्हणे. कुठंयत?”

“हितं.”

“हितं म्हणजे कुठं?”

“हितं म्हंजी हितंच की. समदी हितंच.”

“दहाच्या दहा? या एका खड्ड्यात?”

“येकदम न्हाय गं बाई. येक मेलं की दुसरं.”

समरानं फाईल उघडली. दहाही फोटोंत मागं तीच निळी टाकी, तीच भिंत आणि भिंतीवरचा ‘थुंकू नये’ हा तोच मजकूर होता. बूट तेवढे बदलत गेले होते. ती माझ्या काठावर बसून इतकी हसली की मला वाईट वाटलं. मग तिनं वाकून रोपाची चारही पानं नीट पाहिली. ते मला जास्त आवडलं.

अहवालात तिनं लिहिलं: लावलेली झाडं दहा, खड्डा एक, जिवंत एक, तेही आजारी. सरांनी तो परत दिला. खिडकीतून मला सगळं ऐकू आलं. “समरा, सूर फार नकारात्मक आहे. एकच खड्डा पुन्हा पुन्हा वापरणं याला साधनांचा पुनर्वापर म्हणतात. तसं लिही.”

तिनं तसं लिहिलं नाही. ती दर पाच दिवसांनी पाणी आणायला लागली.

पाच दिवसांनी का, तर तिच्या गल्लीत नळ पाच दिवसांनी येतो. तुमच्याकडेही असंच चालत असणार. पाच दिवस जिवापाड जपलेलं पाणी, नळ आला रे आला की ‘शिळं’ होतं. मग ते गटारात ओतायचं, पिंप घासायचं आणि त्याच टाकीतलं तेच पाणी ‘ताजं’ म्हणून भरायचं. समरानं ते ओतू दिलं नाही. गोडेतेलाच्या पाच लिटरच्या डब्यात भरून, स्कूटीवर पायाशी ठेवून ती माझ्याकडे आणायची. तिची नानी मदिनाबी यावर चिडायची. समरा तिची नक्कल करून काकांना सांगायची, “बासी पानी झाड कू डालती? पेट दुखिंगा ना बिचारे का!”

झाडाचं पोट दुखलं नाही. काकांनी भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या. शेळी येऊन बघून गेली आणि तिचा अपेक्षाभंग झाला. एप्रिलमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकला, मुरूम तव्यासारखा तापला, तेव्हा ते रोप माझ्या तळातून मुळं खाली घालत होतं. मला गुदगुल्या व्हायच्या. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यात राहायला आलं होतं. मे संपता संपता ते समराच्या खांद्याला लागलं.

आणि चार जूनला राजशेखर सर चुन्याची पिशवी घेऊन आले.

“अरे, हे अजून आहे?” भाडेकरूनं खोली सोडली नाही की मालक विचारतो, तसं त्यांनी विचारलं. “रामहरी, हे काढ. उद्या पाहुणे येणार आहेत. खड्डा रिकामा पाहिजे.”

“काढू म्हंजी?”

“म्हणजे मागं कुठंतरी लाव.”

“सर, ह्या उन्हात काडलं तर मरंल की त्ये.”

“मग आपण नवीन लावतोयच ना? एक गेलं, एक आलं.”

समरा नेमकी डबा घेऊन पोचली होती. “सर, झाड लावण्यासाठी झाड काढायचं?”

“समरा, विषय नीट समजून घे. आपण फक्त आपल्यापुरतं बघायचं नसतं. पुढच्यांसाठी जागा राखून ठेवायची असते. वर्षभर मी काय शिकवलं?”

मित्रांनो, त्या क्षणी मी नुसता खड्डा राहिलो म्हणून बरं. मला तोंड असतं, तर मी सरांना बुटांसकट गिळलं असतं.

“आणि तुझ्या प्रकल्पाचे गुण अजून भरायचे आहेत मी,” सर गोड आवाजात म्हणाले.

समराच्या चपला एक पाऊल मागं गेल्या. माझा जीव खाली गेला. तो आधीच दोन फूट खाली होता. मग त्या चपला पुढं आल्या आणि माझ्या काठाला टेकल्या.

“गुण काय द्यायचे ते द्या, सर. झाड तेवढं राहू द्या.”

सरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी टिकाव उचलला आणि दांडा सरांच्या हातात दिला.

“दहा वर्सं मेलेली काडून जिती लावली म्या. जितं काडायचं काम कदी केलं न्हाय. तुमी काडा.”

सरांनी टिकाव दोन्ही हातांनी धरून पाहिला. तो जड असतो. त्यांनी नवा खड्डा किती वेळात होईल ते विचारलं. “दोन दिस,” काका म्हणाले. पाहुणे उद्या सकाळी दहाला येणार होते. सरांनी टिकाव भिंतीला टेकवला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

शेवटी त्यांनी जो तोडगा काढला, त्याला तोड नाही. दुसऱ्या दिवशी त्या खांद्याएवढ्या झाडाला रिबीन बांधली आणि पाहुण्यांच्या हस्ते ते लावण्यात आलं. ते आधीच लागलेलं होतं, याचा कार्यक्रमाला काही अडथळा झाला नाही. पाहुण्यांनी बुंध्याशी मूठभर माती टाकली. “रोप चांगलं मोठं आणलंय हो,” ते म्हणाले. टाळ्या पडल्या. फांदीवर मुंग्यांची रांग निवांत चालली होती. नुकत्याच लावलेल्या झाडावर मुंग्या एवढ्या ओळखीच्या कशा, हे कुणीही विचारलं नाही.

जाताना पाहुणे समराला म्हणाले, “मुली, या झाडाची काळजी घ्यायची बरं का.”

“घेते, सर,” समरा म्हणाली. “नळ आला की.”

तिला पन्नासपैकी एकवीस गुण मिळाले. शेरा होता, ‘विषय समजलेला नाही.’

मित्रांनो, गेल्या आठवड्यात रामहरीकाकांनी माझ्यापासून दहा फुटांवर नवा खड्डा खणला. पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांची सोय. तो लहान आहे, खूश आहे. मला विचारतो, “काका, मी मोठेपणी झाड होणार ना?” त्याला काय सांगू? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. म्हणून हात जोडून नाही, रागानं सांगतो. पाच जूनला येऊ नका. त्या दिवशी इथं गर्दी असते. सहा जूनला या. मेच्या वीस तारखेला दुपारी या. येताना बूट कसलेही घाला, पण घरात शिळं झालेलं पाणी घेऊन या.

मला आता नीट दिसत नाही. मुळांनी सगळी जागा व्यापली आहे. काल समरा आली, एवढं ऐकू आलं. तिनं स्कूटीवरून एक डबा उतरवला, आणि मग दुसराही, नव्या खड्ड्याच्या बाजूला.