उचकीचं नाव

मला, सासूला, न विचारता सुनेनं माझ्या लेकाचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि त्याच खिळ्याला पांढरी चादर टांगली. पडदा म्हणे. वर मलाच म्हणते, "आई, दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"माणूस गेलेल्या घरात पांढरी चादर टांगतीस? तुझ्या म्हायेरात अशीच रीत हाय व्हय?"

भैरवीनं फोटो माझ्या हातात दिला आणि सतरंजी अंथरायला गेली.

अमरला जाऊन वर्ष झालं. शिरोलीत त्याचं छोटं वर्कशॉप होतं, फौंड्रीवाल्यांना ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवून द्यायचा. भैरवी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिचं एक चर्चामंडळ आहे. महिन्यातून एका ऐतवारी माणसं जमतात आणि जीव कसे बदलत आले यावर भांडतात. कॉलेजची खोली गळायला लागली, म्हणून आज ते सगळं उचगावला आमच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, आलं. मी ठरवूनच टाकलं होतं. आजचं होऊ दे. माणसं गेली की सांगायचं, हे या घरात पुन्हा नाही.

फोटो मांडीवर घेऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले आणि नेमकी उचकी लागली. आमच्यात उचकी लागली की एकेकाचं नाव घ्यायचं. ज्याच्या नावाला थांबेल, त्यानं आठवण काढली. कागलची लेक झाली, जयसिंगपूरचा भाऊ झाला. थांबेना. पूर्वी माझी उचकी लेकाच्याच नावाला थांबायची. वर्षभर ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. घेतलं आणि नाही थांबली तर?

आवाज सोप्यात गेला. माणसं वळून बघायला लागली.

भैरवी म्हणाली, "उचकी ही शरीराची जुनी सवय असावी, आई. बेडकाचं पिल्लू, ते शेपटीवालं, पाण्यातून श्वास घेताना घसा झाकून घेतं. पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून. आपल्यात तेच उरलंय."

"म्हंजे माझी आठवण बेडूक काढतंय व्हय?"

सगळे हसले. भैरवी हसली नाही.

"अमर म्हणायचा ना, नवा पॅटर्न कोण करत बसतंय, जुनाच घासून चालवायचा. शरीराचं तसंच झालंय."

चारचौघांत नवऱ्याचं नाव, तेही अरेतुरे. पण बोलणं त्याचंच होतं. ताटावर बसून म्हणायचा.

कालिंदीबाई म्हणून एक होत्या. शास्त्रज्ञ कसे वागतात, कुणाचं म्हणणं का मानलं जातं, याचाच त्या अभ्यास करतात. त्या म्हणाल्या, "भैरवी, बेडकाचं अजून सगळ्यांना पटलेलं नाही. गोष्ट गोड आहे म्हणून आपण लगेच उचलतो. कुणाला पटली, कुणाला नाही आणि का, तेही बघायला पाहिजे."

"पटलं नसंल तर भांडा की," मी म्हटलं.

"त्यासाठीच जमतो, मावशी."

आणि खरंच भांडले. दूध संस्थेच्या मीटिंगला मी भांडणं बघितलीत, पण ती खुर्चीची. इथं बेडकाच्या घशावरून जाणती माणसं तापली होती, आणि कुणी कुणाचा बाप काढत नव्हतं.

मग भैरवीनं प्रोजेक्टरचं बटण दाबलं. चादरीवर पोटातलं बाळ आलं, सोनोग्राफीत दिसतं तसं, हलणारं. मधूनच त्याची छाती टुणकन उडत होती.

"ह्याला अजून हवा माहीत नाही," ती म्हणाली. "तरी उचकी बघा."

"हे मात्र मान्य," कालिंदीबाई म्हणाल्या.

सातव्या महिन्यात अमर असाच उडायचा. मी मालकांचा हात धरून पोटावर ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, पोराची कुणीतरी आठवण काढतंय. आम्ही हसायचो. पण ज्याला अजून कुणी बघितलं नाही, ज्याचं नावही ठेवलं नाही, त्याची आठवण काढणार कोण? एवढं साधं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. चादरीवर ते पिल्लू उडत होतं आणि मला त्याच्या मागं नुसतं पाणी दिसायला लागलं. पंचगंगेला महापूर आला की दिसतं तसं, पलीकडचा काठ नसलेलं. तिथनं एका जीवाकडून दुसऱ्या जीवाकडं येत येत काहीतरी माझ्या पोटापर्यंत पोचलं होतं. आणि मी आपली समजत होते, अमर मी घडवला.

मांडीवरचा फोटो मी फिरवला. तोंड चादरीकडं केलं.

उचकी कधी थांबली कळलंच नाही. नाव घ्यायचं राहूनच गेलं.

माणसं गेली. भैरवी चादरीची घडी घालून माझ्यापुढं आली. डोळे खाली.

"द्या आई, फोटो लावते जागेवर. पुढच्या वेळी दुसरीकडं जागा बघू आम्ही."

"चुकलीसच तू," मी म्हटलं. "इचारल्याबिगर फोटोला हात लावायचा न्हाय. पर म्होरल्या म्हैन्यात चादर ह्याच खिळ्याला लाव. अमर माझ्या मांडीवर बसंल. कुठनं आलाय, बघू दे की त्यालाबी."