दोन मार्कांचा कठडा

तेहतीस वर्षं मी तुळजापुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. त्यामुळे विजेला माझी थोडीफार भीड असेल, असा माझा समज होता.

आमच्या घराला गल्लीतून दारापर्यंत अकरा पायऱ्या, पण कठडा नव्हता. माझ्या बायकोच्या, चंद्रप्रभाच्या गुडघ्याचं सोलापूरला ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, कठड्याशिवाय पायरी चढायची नाही. रविवारी तिला घरी सोडणार होते. एखाद्या वेल्डरला बोलावलं असतं तर अर्ध्या दिवसाचं काम. पण मी तिला फोनवर बोलून बसलो, "कठडा मी स्वतः करतोय."

ती म्हणाली, "अहो, मग मी थोडे दिवस भावाकडं राहू का?"

हे मला फार लागलं. मी मुरुम गावच्या भंगारवाल्याकडून जुनं वेल्डिंग मशीन आणलं. पाईप आणून कापून घेतले आणि काम नीटनेटकं दिसावं म्हणून आधी सगळ्यांना ऑइलपेंटचे दोन हात दिले. आकाशी, तिच्या आवडीचा.

शुक्रवारी सकाळी मशीन सुरू केलं. ते झकास घुमलं. रॉड पाईपला टेकवला, ठिणगी नाही. पुन्हा टेकवला, नाही. शेजारच्या उमाबाई दारात उभ्या होत्या, म्हणून मी "गरम व्हायला वेळ लागतो" असं ठोकून दिलं.

मग झाकण उघडलं. आत कुंभारमाशीचं घर सापडलं आणि मला फार आनंद झाला, कारण दोष माझ्यात नव्हता. ते काढलं. देवाची भांडी घासायच्या ब्रशनं धूळ झाडली, नट आवळले, केबल बदलली. रॉड ओले असतील म्हणून तव्यावर शेकले. मशीन घुमत राहिलं. संध्याकाळी मी भंगारवाल्याला फोन करून ट्रान्सफॉर्मरचा सिद्धांत ऐकवला. तो म्हणाला, "सर, इथं तर चालत होतं," आणि फोन ठेवला.

शनिवारी नाक मुठीत धरून गोरोबाला फोन केला. गोरोबा माझा विद्यार्थी. ढोकीला उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो. त्याला आधीच का बोलावलं नाही? तो नववीला विज्ञानात दोन मार्कांनी नापास झाला होता आणि पेपर मी तपासला होता.

तो दुपारी आला. मशीनकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"सर, अर्थिंगचा चिमटा कुठं लावलाय?"

"पाईपला."

"पाईपला न्हाय, सर. रंगाला लावलाय."

त्यानं कानशीनं दोन जागी रंग खरवडला, चिमटा उघड्या लोखंडावर लावला, रॉड टेकवला. चर्रर्र करून ठिणग्या उडाल्या.

"रंगातनं करंट जात न्हाय, सर," तो हळूच म्हणाला. "म्या पेपरातबी लिवलं हुतं."

मला आठवलं. 'विद्युतरोधक पदार्थांची नावं लिहा.' पुस्तकात रबर, लाकूड, काच. या पोरानं चुलत्याच्या गॅरेजात पाहिलेलं लिहिलं होतं : रंग, गंज, ग्रीस. मी लाल पेनानं आडवी रेघ मारली होती. दोन मार्क. त्याचं अख्खं वर्ष गेलं होतं.

संध्याकाळपर्यंत त्यानं कठडा उभा केला. शेवटचा, वरच्या पायरीचा जोड त्यानं माझ्याकडून करून घेतला. त्याचे जोड सरळ, माझ्या जोडाला ढेकळं आली होती.

"किती मार्क?" मी विचारलं.

"उद्या काकू चढल्या की सांगतो."

रविवारी चंद्रप्रभाला तोच गाडीतून घेऊन आला. तिनं कठडा न्याहाळला. "यातला तुमचा जोड कुठला?"

मी दाखवला.

"मग तिथं जपून," ती म्हणाली आणि चढायला लागली. वरच्या पायरीशी तिचा पाय अडखळला. तिनं नेमका तोच जोड पकडला आणि सगळा भार त्याच्यावर टाकला. जोड हलला नाही.

खालून तिची पिशवी घेऊन येणारा गोरोबा हसला. "ढेकळांचे दोन मार्क कापले, सर. पण पास."

मी म्हणालो, "गोरोबा, तुझं उत्तर बरोबर होतं."

हे एवढं सांगायला मला एकोणीस वर्षं लागली.